एका चौकटीची किंमत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत, आणि ती पाठवणाऱ्यांत कारखानदार आहेत, विद्यार्थी आहेत, एक निवृत्त शिक्षक आहेत आणि घरी बसून हेच काम करणाऱ्या एक गृहिणीही आहेत. संगणकाला छायाचित्रातील वस्तू ओळखायला शिकवायचे, तर आधी माणसाने हजारो छायाचित्रांवर वस्तूभोवती चौकट काढून किंवा तिचे नाव लिहून ‘ही वस्तू येथे आहे’ असे नोंदवून द्यावे लागते. या कामाला व्यवसायात लेबलिंग किंवा ॲनोटेशन म्हणतात. ते कंटाळवाणे आहे, वेळखाऊ आहे आणि हाती घेताना वाटते त्याहून महाग पडते. पत्रे लांब होती. त्यांतील मुद्दा तेवढा ठेवून ती येथे दिली आहेत.

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. बाहेरून आलेल्या कास्टिंगवर (धातूच्या ओतीव भागांवर) आम्ही मशिनिंग करतो. ब्लो होल (ओतताना धातूत राहिलेली हवेची पोकळी) आणि क्रॅक (तडा) आपोआप पकडता यावेत म्हणून लाइनवर कॅमेरा बसवला असून आतापर्यंत सुमारे ३८,००० छायाचित्रे जमली आहेत. लेबलिंग करून देणाऱ्या एका संस्थेने प्रत्येक छायाचित्रामागे सहा रुपये, म्हणजे एकूण २,२८,००० रुपये सांगितले आहेत. घासाघीस केली तर दर चार रुपयांवर येईल असे वाटते. करावी का?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : घासाघीस आधी ३८,००० या आकड्याशी करावी, दराचे नंतर पाहता येईल. लाइनवरचा कॅमेरा दिवसभर फोटो काढत राहतो आणि कन्व्हेयर जरा थांबला की एकच नग पाच-सात वेळा टिपला जातो. छायाचित्रांवरील वेळेच्या नोंदी तपासून एका नगाचे एकच छायाचित्र ठेवले, तरी साठा बराच उतरेल. एरवी अशा कामासाठी प्रत्येक छायाचित्राचा लहानसा ‘ठसा’ काढून सारख्या ठशांची छायाचित्रे वगळणारे मोफत प्रोग्राम वापरले जातात. आपण मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण चांगल्या नगाचा आणि केसाएवढा क्रॅक असलेल्या नगाचा ठसा हुबेहूब सारखा येऊ शकतो, आणि मग जो फोटो हवा तोच नेमका टाकला जाईल.

त्यानंतर काम दोन टप्प्यांत करावे. आपल्या रिजेक्शनचे, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या नगांचे प्रमाण पत्रात नाही, म्हणून हिशेबापुरते ते शेकडा तीन धरू. सगळी ३८,००० छायाचित्रे एकेक उघडून, मोठी करून, दोष शोधून चौकट काढायला सरासरी ३० सेकंद लागले, तर ३१६ तासांहून अधिक काम होते. त्याऐवजी पहिल्या टप्प्यात पडद्यावर एका वेळी सहा छायाचित्रे मांडून ‘चांगला’ की ‘शंकास्पद’ एवढीच निवड केली आणि एका छायाचित्राला दोन सेकंद लागले, तर हे काम सुमारे २१ तासांत आटोपते. शेकडा तीनप्रमाणे निघालेल्या १,१४० सदोष छायाचित्रांवर प्रत्येकी एक मिनिट खर्चून चौकटी काढल्या तरी आणखी १९ तास लागतील. शंकास्पद ढीग प्रत्यक्षात यापेक्षा मोठा निघेल हे खरे, पण तो दुप्पट निघाला तरी एकूण काम साठ तासांच्या आतच राहते. सुपात गहू घेऊन खडे निवडणाऱ्या घरच्या बाया हेच करतात; प्रत्येक दाणा कोणी चिमटीत धरून पाहत नाही. एका पडद्यावर सहाहून अधिक छायाचित्रे मात्र मांडू नयेत, कारण छायाचित्र लहान झाले की बारीक ब्लो होल दिसेनासा होतो आणि वाचवलेला वेळ पुढे ग्राहकाकडून परत आलेल्या मालाच्या रूपाने फेडावा लागतो.

चौकट कशी काढायची यातही वेळ दडलेला असतो. नेहमीच्या पद्धतीत माउसने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत चौकट ओढतात. परंतु तो कोपरा वस्तूवर नसतोच, तो मोकळ्या जागेत कल्पावा लागतो, त्यामुळे हात अंदाजाने सुरुवात करतो आणि नंतर चारही कडा मागेपुढे सरकवत बसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याऐवजी वस्तूचे सर्वांत वरचे, सर्वांत खालचे, सर्वांत डावे आणि सर्वांत उजवे टोक अशा चार ठिकाणी फक्त क्लिक करण्यास सांगितले गेले. ही टोके डोळ्यांना थेट दिसतात, कल्पावी लागत नाहीत. एका चौकटीचा वेळ सुमारे सात सेकंदांवर आला, म्हणजे काम जुन्या पद्धतीच्या पाचपट वेगाने झाले आणि अचूकता घटली नाही. क्रॅकसाठी ही पद्धत वापरावी. ब्लो होल लहान आणि साधारण गोल असतो, त्याच्या मध्यावर एक क्लिक केले तरी चालते. ठरावीक मापाची चौकट प्रोग्राम स्वतः काढू शकतो.

याच्याही पुढचा मार्ग आपल्यासारख्या उद्योगांना विशेष सोयीचा आहे. सदोष नग दाखवण्याऐवजी केवळ चांगले नग दाखवून मॉडेल (उदाहरणांवरून ओळखायला शिकणारा प्रोग्राम) शिकवायचे, आणि त्या चांगुलपणापासून जे दूर जाईल ते बाजूला काढायला सांगायचे. म्युनिकच्या एमव्हीटेक या कंपनीने २०१९ मध्ये याच कल्पनेच्या चाचणीसाठी १५ प्रकारच्या वस्तूंची ५,३५४ छायाचित्रे खुली केली. त्यांतील शिकवण्याच्या भागात एकही सदोष नग नाही. दोष असलेली छायाचित्रे आणि त्यांवरील खुणा केवळ परीक्षा घेण्यासाठी ठेवल्या आहेत. चांगल्या नगांची दोन-तीनशे छायाचित्रे निवडायला आपल्या क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) माणसाला एक दुपार पुरेल. हे मॉडेल ब्लो होल आणि क्रॅक यांतील फरक सांगणार नाही, ‘येथे काहीतरी वेगळे आहे’ एवढेच सांगेल. परंतु नग बाजूला काढायचा की नाही एवढाच प्रश्न असेल, तर आपल्याला त्याहून अधिक हवेच कशाला?

आता पैशांचा खरा गळका नळ. मशिनिंगनंतर नगावर कूलंटचा (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थर राहिला की वरून पडणाऱ्या प्रकाशात त्याची कड चमकते आणि ती हुबेहूब क्रॅकसारखी दिसते. माझ्या पाहण्यातल्या एका कामात बाहेरच्या संस्थेतील मुलांनी अशा चमकांवर शेकडो चौकटी काढून ठेवल्या होत्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी कास्टिंग कधी हातात घेतलेले नव्हते. त्या चौकटींचे पैसे एकदा काढण्यासाठी गेले आणि एकदा पुसण्यासाठी. नग पुसून घेणे आणि दिवा तिरपा बसवणे हा खर्च कोणत्याही लेबलिंगपेक्षा स्वस्त आहे, म्हणून तो आधी करावा. त्यासाठी जमलेली छायाचित्रे टाकून द्यावी लागली तरी चालेल.

एवढे करूनही चौकटींची गरज उरलीच, तर सगळी छायाचित्रे एकदम बाहेर देऊ नयेत. पाचशेंवर लेबले लावून एक कच्चे मॉडेल तयार करावे, ते उरलेल्यांवर चालवावे आणि जेथे ते घुटमळते, म्हणजे ‘असेल किंवा नसेलही’ अशा गुणांवर अडते, तीच पुढची तीनशे छायाचित्रे माणसाकडे द्यावीत. या पद्धतीला ॲक्टिव्ह लर्निंग म्हणतात. तिच्यात एक खोच आहे : मॉडेल जेथे आत्मविश्वासाने चुकते, ती छायाचित्रे या चाळणीतून कधीच वर येत नाहीत. म्हणून प्रत्येक फेरीत पन्नासेक छायाचित्रे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, कोणताही निकष न लावता घ्यावीत. दोन फेऱ्यांनंतर निकाल सुधारणे थांबले, तर तेथेच थांबावे.

मग जे थोडके काम बाहेर द्यायचे राहील, त्याला सहा रुपये दर पडला तरी कुरकुर करू नये. चार रुपयांत काम करणारा माणूस ते दीड पट घाईने करील, आणि आपल्याला तर घाई नकोच आहे.

प्रश्न : मी कृषी पदवीची विद्यार्थिनी असून आमची जुन्नर तालुक्यात द्राक्षबाग आहे. प्रकल्पासाठी मी पानांची सुमारे ४,००० छायाचित्रे काढली असून ‘भुरी’, ‘केवडा’ (हे पानांवरचे दोन रोग) आणि ‘निरोगी’ अशी लेबले मी आणि माझ्या मैत्रिणीने वेगवेगळी लावली. १०० पानांवर पडताळून पाहिले तेव्हा रोगट की निरोगी याबाबत आमची ८८ उत्तरे जुळली. हे पुरेसे आहे का? मार्गदर्शक सरांना सगळी पाने तपासायला वेळ नाही. इंटरनेटवर द्राक्षाच्या पानांचा तयार डेटासेट (लेबले लावलेल्या छायाचित्रांचा संच) मिळतो, तो घेतला तर हे कष्ट वाचतील का?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्यात तुमचे एक वर्ष वाया जाण्याची शक्यता आहे. तुम्ही म्हणता तो डेटासेट बहुधा ‘प्लांटव्हिलेज’ असावा. त्यात १४ पिकांच्या पानांची ५४ हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत आणि द्राक्षही आहे. परंतु द्राक्षाखाली जे रोग आहेत ते ब्लॅक रॉट, एस्का आणि पानांवरील एक करपा. भुरी नाही आणि केवडाही नाही. आपल्याकडच्या बागाईतदाराची झोप उडवणारे दोन्ही रोग त्यात नाहीत, मग तो डेटासेट फुकट असला तरी तुमच्या कामाला महागच आहे. शिवाय त्यातील पाने तोडून, सपाट पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. २०१६ मध्ये या छायाचित्रांवर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातील न पाहिलेल्या छायाचित्रांवर ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. बागेत पानावर सावली असते, मागे दुसरी पाने असतात, मध्येच तार किंवा कोणाचा हात येतो. तुमची ४,००० छायाचित्रे बागेतली आहेत, म्हणून ती अधिक मोलाची आहेत.

आता ८८ या आकड्याविषयी. तुम्हा दोघींच्या लेबलांत निरोगी पाने सुमारे ९० टक्के आहेत असे समजा. तसे असेल, तर दोघींनी डोळे मिटून प्रत्येकी शंभरातील ९० पानांवर ‘निरोगी’ लिहिले असते तरी योगायोगानेच ८२ उत्तरे जुळली असती (०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१). म्हणजे तुमच्या डोळ्यांनी आणि ज्ञानाने मिळवलेले जास्तीचे जुळणे फक्त सहा पानांचे आहे, आणि मिळवता येण्याजोगे होते अठरा पानांचे. सहा भागिले अठरा म्हणजे ०.३३. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कापा’ नावाचा निर्देशांक तो हाच. पूर्ण जुळले तर तो एक येतो, निव्वळ योगायोग असेल तर शून्य. ०.३३ समाधानकारक नाही. स्वतःच्या लेबलांचे खरे प्रमाण घालून हा हिशेब पुन्हा करा. निरोगी पाने निम्मीच असतील, तर तेच ८८ खूप चांगले ठरेल.

तुमच्यात मतभेद कोठे होतात याचा मी अंदाज बांधू शकतो. केवड्याचे पिवळसर, तेलकट डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसतात, पण त्याची पांढरी कापसासारखी वाढ पानाच्या खालच्या बाजूला असते. छायाचित्र फक्त वरून काढले असेल, तर कोणत्याही तज्ज्ञाला ते खात्रीने सांगता येणार नाही. तुम्ही त्यासाठी तिसरी मैत्रीण बोलावली तर फक्त मते तीन होतील. दुसरा गोंधळ भुरीचा आहे. पानावर बोर्डो मिश्रणाचा किंवा दुसऱ्या फवारणीचा पांढरट डाग राहिला, तर तो छायाचित्रात भुरीसारखा दिसतो. दोन्ही अडचणींची उत्तरे लेबलिंगमध्ये नाहीत, ती बागेत आहेत. प्रत्येक पानाची वरून आणि खालून अशी दोन छायाचित्रे जोडीने काढा, आणि शेवटची फवारणी कोणती व कधी झाली ते वडिलांना विचारून लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरचा हंगाम हाताशी असेल, तर नव्याने काढलेली अशी ८०० जोडछायाचित्रे जुन्या ४,००० छायाचित्रांपेक्षा अधिक कामाला येतील.

सरांचा वेळ हा तुमच्याकडील सर्वांत महाग माल आहे, तो जपून वापरा. दोघींची लेबले जेथे जुळतात ती पाने त्यांना दाखवायची नाहीत. त्यांतील चाळीसेक, सहज उचललेली, तेवढी तपासून घ्यायची. जेथे जुळत नाहीत ती सगळी दाखवायची, आणि निर्णयाबरोबर कारणही विचारायचे. ते कारण एका वहीत लिहीत गेलात, तर दोन बैठकींत तुमची नियमावली तयार होईल आणि तिसऱ्या बैठकीची गरज क्वचितच पडेल. ‘सांगता येत नाही’ हे चौथे लेबल जरूर ठेवा. जबरदस्तीने लावलेले नाव हे कोऱ्या जागेपेक्षा वाईट असते, कारण कोरी जागा निदान दिसते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील तज्ज्ञांकडे जायचे झाले, तरी हीच वही घेऊन जा; चार हजार छायाचित्रांचा पेनड्राइव्ह पाहून कोणाचाही चेहरा उतरतो.

प्रश्न : यंत्रे माणसाहून चांगली ओळखू लागली असे वर्तमानपत्रांत वाचतो. मग लेबले लावण्याचे कामही यंत्रालाच का देत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : देतात, आणि बरेच देतात. मेटा कंपनीने २०२३ मध्ये ‘सेगमेंट एनिथिंग’ हे मॉडेल प्रसिद्ध केले. त्यात वस्तूवर एक क्लिक केले की तिची कड आपोआप आखली जाते. ते तयार करतानाच माणूस आणि मॉडेल यांना आलटून पालटून कामाला लावले होते. सुरुवातीला एका वस्तूला ३४ सेकंद लागत. मॉडेल सुधारत गेले तसा हा वेळ १४ सेकंदांवर आला, आणि शेवटच्या टप्प्यात मॉडेलनेच १ कोटी १० लाख छायाचित्रांवर ११० कोटी आकृत्या आखल्या. तुलनेसाठी सांगायचे, तर युरोपीय शहरांतील रस्त्यांच्या ‘सिटीस्केप्स’ या संचात केवळ ५,००० छायाचित्रे, त्यांतील प्रत्येक वस्तू वेगळी करून, बारकाईने रंगवली गेली, तेव्हा एकेका छायाचित्राला तपासणीसह दीड तासाहून अधिक वेळ लागला होता.

परंतु हे मॉडेल कड आखते, नाव सांगत नाही. नाव सांगणारी वेगळी मॉडेल्स आहेत. ती इंटरनेटवरील छायाचित्रे आणि त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळी एकत्र वाचून शिकली आहेत, म्हणून त्यांना मांजर आणि सायकल उत्तम कळते, भोसरीतला ब्लो होल कळतोच असे नाही. आणि परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवरील लेबले तरी माणसानेच लावावी लागतात, हे उत्तरपत्रिका तपासण्यात हयात घालवलेल्या आपल्याला मी काय सांगावे! माणसाचे लेबलही निर्दोष नसते : २०२१ मध्ये दहा प्रसिद्ध परीक्षा-संच तपासले गेले, तेव्हा त्यांत सरासरी तीन टक्क्यांहून अधिक लेबले चुकीची निघाली, आणि ‘इमेजनेट’च्या संचात सुमारे सहा टक्के. त्यांतील संशयास्पद लेबले आधी मॉडेलनेच दाखवून दिली आणि मग माणसांनी पडताळली, ही त्यातली गंमत.

प्रश्न : आम्ही चार अभियांत्रिकीचे विद्यार्थी दुचाकी आणि रिक्षा यांची गर्दी मोजणारा प्रकल्प करत आहोत. मित्राच्या गाडीतील डॅशकॅमने कर्वे रस्ता, स्वारगेट आणि कात्रज परिसरात सुमारे तीन तासांचे चित्रीकरण केले आहे. प्रत्येक फ्रेमवर (चित्रीकरणातील एकेका स्थिर चित्रावर) चौकटी काढायला सुरुवात केली, परंतु पंधरा दिवसांत सहा मिनिटांचेच काम झाले. मार्ग सुचवावा.
— चौघे विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर तीन तासांच्या २,७०,००० फ्रेम होतात. तुमची चिकाटी चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहे. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी दोन मिनिटे उभी असेल, तर त्या ३,००० फ्रेममध्ये तीच रिक्षा तेथेच उभी असते. त्यांतील एक फ्रेम घेतली की पुरे. गाडी चालू असताना दोन-तीन सेकंदांना एक फ्रेम निवडा. जेथे वाहनांचा माग हवा असेल, तेथे ‘सीव्हॅट’सारखे मुक्त साधन वापरा, हे साधन मुळात इंटेल कंपनीत तयार झाले. त्यात पहिल्या आणि विसाव्या फ्रेमवर चौकट काढली, की मधल्या अठरा साधन स्वतः भरते, आणि वाहन मध्येच वळले असेल तेथेच हाताने दुरुस्ती करावी लागते.

प्रारंभीच्या चौकटी तयार मॉडेलकडून काढून घेऊन तुम्ही फक्त दुरुस्त करत जा, हाही मार्ग आहे. वेग खूप वाढतो, पण डोळा आळसावतो : पडद्यावर आयती चौकट दिसली की ती बरोबरच वाटू लागते, आणि जी वस्तू मॉडेलने टिपलीच नाही ती माणसालाही दिसत नाही. यासाठी दर पन्नास फ्रेममध्ये दोन फ्रेम मुद्दाम कोऱ्या ठेवा आणि तेथे सगळे हाताने करून दोन्हींची तुलना करा.

वाहनांची यादी मात्र परदेशी संचातून उचलू नका. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने इंटेलच्या साहाय्याने हैदराबाद आणि बंगळूर परिसरात १८२ फेऱ्यांतून १०,००० फ्रेमचा जो भारतीय रस्त्यांचा संच केला, त्यात ३४ वर्ग आहेत. त्यात रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे आणि कोणत्याच नावात न बसणाऱ्या वाहनांसाठी एक ‘इतर’ वर्ग ठेवलेला आहे. तुम्हालाही तो लागेल. छोटा हत्ती हा ट्रक की टेम्पो, पाण्याचा टँकर ओढणारा ट्रॅक्टर एक वाहन की दोन, तिघे बसलेली दुचाकी एक चौकट की चार, बसच्या मागे अर्धी झाकलेली रिक्षा मोजायची की नाही, हे पहिल्याच दिवशी चौघांनी बसून ठरवा आणि प्रत्येक निर्णयाखाली एक चित्र चिकटवा. तुमच्या सहा मिनिटांतील चौकटी पुन्हा उघडून पाहाल, तर चौघांनी चार पद्धती वापरलेल्या आढळतील, अशी मला दाट शंका आहे.

एक सूचना परीक्षेच्या संचाविषयी. शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या फ्रेम एकाच चित्रीकरणातून चाळून घेऊ नका, अन्यथा तीच रिक्षा दोन्हीकडे जाईल आणि निकाल खोटा चांगला येईल. कात्रजचे चित्रीकरण पूर्णपणे परीक्षेसाठी राखून ठेवा. आणि चित्रीकरण कोणाही बाहेरच्या व्यक्तीकडे किंवा साधनाकडे पाठवण्यापूर्वी त्यातील चेहरे व नंबरप्लेट पुसट करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, ज्यावरून व्यक्ती ओळखता येते ती माहिती वैयक्तिक विदा मानली आहे; तुमच्या प्रकल्पाला तर गर्दी मोजायची आहे, माणसे ओळखायची नाहीत.

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर राहते आणि दुपारच्या वेळात घरून छायाचित्रांवर चौकटी काढण्याचे काम करते. एका चौकटीला ६० पैसे मिळतात. तासाला साधारण ७० चौकटी होतात, परंतु त्यांतील पाचवा हिस्सा कारण न देता नाकारला जातो. या सदरात लेबलिंग स्वस्त कसे करावे हे विचारणारी पत्रे येत असतील, तर माझेही छापावे.
— एक गृहिणी, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, आपले पत्र छापले आहे आणि मुद्दाम शेवटी छापले आहे, म्हणजे वरची उत्तरे वाचून झालेल्यांना ते वाचता येईल. ७० चौकटींचे ४२ रुपये, त्यांतील १४ चौकटी नाकारल्यावर उरतात ३३ रुपये ६० पैसे. तासाभराच्या बारीक नजरेच्या कामाचे हे मोल आहे, आणि वीज व इंटरनेट आपलेच.

हे काम जगभर असेच वाढले. अमेरिकेत २००९ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘इमेजनेट’ या संचातील १ कोटी ४० लाख छायाचित्रांमागे १६७ देशांतील सुमारे पन्नास हजार माणसांचे हात होते, आणि ते काम ॲमेझॉनच्या ज्या सेवेवरून वाटले गेले, तिचे नाव ‘मेकॅनिकल टर्क’. अठराव्या शतकात युरोपात बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र गाजले होते; त्याच्या पोटात एक माणूस लपून बसलेला असे. नाव ठेवणाऱ्यांनी निदान लपवालपवी केली नाही.

चौकटीमागे दर लावण्यातच एक दोष आहे : मोकळ्या रस्त्यावरची एक मोटार आणि मंडईच्या गर्दीत अर्धी झाकलेली सायकल यांना सारखेच पैसे मिळतात. म्हणून काम करणारा सोपी छायाचित्रे उचलतो, अवघड घाईने उरकतो, आणि काम देणारा तपासनीस नेमून वर आणखी खर्च करतो. तासावर किंवा अवघडपणाच्या प्रतवारीवर दर दिला, तर नाकारण्याचे प्रमाण उतरते आणि काम देणाऱ्याचा एकूण खर्चही बहुधा वाढत नाही. हे मी वरच्या भोसरीच्या वाचकांनाही उद्देशून लिहीत आहे. एकाच छायाचित्रावर तिघांची मते घेऊन कोण किती चुकतो याचा अंदाज बांधण्याची गणिती पद्धत डेविड आणि स्कीन या दोघांनी १९७९ मध्येच दिलेली आहे, त्यामुळे ‘तुमचे काम चांगले नाही’ एवढ्यावर कोणाचे पैसे अडवण्याचे काही कारण उरत नाही.

आपल्या हातात आहे तेवढे सांगतो. काम स्वीकारण्यापूर्वी लेखी नियम आणि बरोबर उत्तरांची किमान वीस नमुना छायाचित्रे मागावीत. झाकलेल्या वस्तूची चौकट दिसते तेवढ्याच भागाची काढायची की अंदाजाने पूर्ण, हा एक प्रश्न आधी विचारावा. चौकटी नाकारल्या जाण्याचे ते नेहमीचे कारण आहे. आपल्याला दिलेल्या साधनात चार टोकांवर क्लिक करण्याची सोय आहे का ते पाहावे, आणि वस्तूचे नाव माउसने यादीतून न निवडता आकड्याच्या कळीने निवडावे. एकाच प्रकारची वस्तू सर्व छायाचित्रांतून आधी उरकून मग दुसरी घेतली, तर डोळा लवकर सरावतो. नाकारलेल्या प्रत्येक चौकटीचे पडद्यावरील चित्र जतन करून ठेवावे. आणि पुढच्या कामाला होकार देण्याआधी त्यातील पन्नास चौकटी घड्याळ लावून काढाव्यात, नियम वाचण्याची मिनिटेही त्यात धरावीत, आणि तासाचा जो दर निघेल तो काम देणाऱ्याला पत्राने कळवावा.